तेल-तूप सोडलं, तरी ट्रायग्लिसराइड ४१२ कसं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, उंची १६८ सेंटीमीटर, वजन ६६ किलो. ऑफिसच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४१२, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३१, सोनोग्राफीत यकृतात चरबी. एलडीएलच्या, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या रकान्यात आकड्याऐवजी नुसती रेघ. सहा महिन्यांपूर्वी ट्रायग्लिसराइड ३६० होतं, तेव्हापासून घरात तूप बंद आणि तेल फोडणीपुरतं. तरी आकडा उतरायच्या ऐवजी चढला. दिवसाला चार कप चहा, डब्यात चार पोळ्या, रात्री भात, सोमवारचा उपवास, बैठी नोकरी. आईला मधुमेह. ‘मी जाड नाही, तेलकट खात नाही, मग ही चरबी येते कुठून?’

बरीचशी तुमच्याच शरीरातून येते. मी गेली चोवीस वर्षं मधुमेह आणि हार्मोनच्या तक्रारींचे रुग्ण बघतोय. हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो आणि विचारणाऱ्याचा सूर दर वेळी तोच असतो: एवढं मन मारलं, आणि हाती काय आलं? म्हणून जरा मुळापासून सांगतो.

आधी साधा हिशोब. ४१२ म्हणजे शंभर मिलिलिटरमागे ४१२ मिलिग्रॅम. रक्तपेशी वगळून उरणारा पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, तुमच्या अंगात पावणेतीन लिटरच्या आसपास असेल. गुणाकार केला तर सगळ्या रक्तात मिळून चरबी होते अकरा-साडेअकरा ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याने अडीच चमचे तेल. त्याच वेळी कातडीखाली आणि पोटात साठवलेली चरबी पंधरा किलोच्या घरात असणार. रिपोर्टमधला आकडा या साठ्याचा नाही. तो रस्त्यावर असलेल्या मालाचा आहे. वाशीच्या मार्केटबाहेर ट्रकची रांग लागली, तर त्या दिवशी शेतात जास्त पिकलं असंच काही नाही. आतली गोदामं माल उतरवून घेत नसतील, किंवा आतूनच गाड्या भरून बाहेर सुटत असतील. तुमच्या बाबतीत दोन्ही होतंय.

नीट चाललेल्या शरीरात काय होतं ते बघा. वरण-भातावर तूप घेतलं, की ते आतड्यात पित्ताने फुटतं, स्वादुपिंडाच्या रसाने पचतं आणि आतड्याच्या पेशी त्याचे पुन्हा बारीक थेंब बांधतात. हे थेंब साखरेसारखे थेट यकृतात जात नाहीत. लसिकावाहिन्यांमधून वर चढून मानेच्या मुळाशी रक्तात उतरतात. जेवणानंतर तीन-चार तासांनी ही वाहतूक सर्वांत जास्त असते. मेदपेशींजवळच्या केशवाहिन्यांच्या भिंतीला एक एन्झाइम चिकटलेलं असतं, लायपोप्रोटीन लायपेज. ते या थेंबांमधली चरबी सोडवून पेशीच्या आत पाठवतं. त्या एन्झाइमला कामाला लावतं इन्शुलिन.

इन्शुलिन म्हटलं की लोकांना साखर आठवते. माझ्या मते त्याचं जास्त जुनं आणि जास्त नाजूक काम चरबीचं आहे. जेवणानंतर ते मेदपेशीला दोन गोष्टी सांगतं: आलेला माल आत घे, आणि आतला बाहेर सोडू नको. यातल्या दुसऱ्या हुकमाला इन्शुलिन फार थोडं लागतं. साखर स्नायूंत ढकलायला जेवढं लागतं, त्याच्या कितीतरी कमी मात्रेत चरबीचं दार बंद होतं. पाच-सहा तासांत इन्शुलिन उतरतं, ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनलिन या उलट काम करणाऱ्या हार्मोनचं पारडं जड होतं आणि दार उघडतं. मेदपेशीतली चरबी फुटून मेदाम्लं रक्तात येतात, अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनावर बसून हृदयाला, स्नायूंना, यकृताला पोचतात. तुम्ही पहाटे गाढ झोपेत असता तेव्हा तुमचं हृदय मुख्यतः याच इंधनावर चालत असतं.

आत एक सुरेख व्यवस्था आहे. यकृताच्या पेशीत चरबी जाळण्याची भट्टी म्हणजे मायटोकाँड्रिया. तिच्या दारावर सीपीटी-१ नावाचं एन्झाइम असतं. पेशी जेव्हा साखरेपासून नवी चरबी बनवत असते, तेव्हा त्या कामात तयार होणारा मॅलोनिल-कोए हा पदार्थ हे दार अडवून धरतो. म्हणजे बनवणं चालू असताना जाळणं बंद. मॅगॅरी आणि फॉस्टर या दोघांनी १९७७ मध्ये हे दाखवलं. एका हाताने भरायचं आणि दुसऱ्या हाताने ओतून द्यायचं, असला कारभार शरीर करत नाही.

उपवास लांबला की यकृत मेदाम्लांपासून कीटोन बनवतं. गंमत म्हणजे यकृताला स्वतःला ते वापरता येत नाहीत, त्यासाठी लागणारं एन्झाइम त्याच्याकडे नाही. बनवणारा उपाशी, खाणारे दुसरेच. कित्येक दिवस पोटात काही नसेल, तर मेंदूची निम्म्याहून जास्त गरज हे कीटोन भागवतात. म्हणून तर माणूस आठवडेच्या आठवडे उपाशी राहूनही तगतो.

(सोमवारचा उपवास यात बसत नाही हे इथेच सांगून टाकतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू, असं झालं की इन्शुलिन दिवसभर चढलेलंच राहतं. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण ज्याने केली, त्याला चयापचय कळत असणार.)

दार अजिबात बंदच झालं नाही तर काय होतं? मी शिकत असताना वॉर्डात एक बारा वर्षांची मुलगी आली. हाडकलेली, खोल खोल श्वास घेणारी. वडील सांगत होते, पोटात दुखतं, उलट्या होतात, दमा झालाय बहुतेक. आमच्या सीनियर बाईंनी तपासणीआधीच तिच्या तोंडाचा वास घेतला आणि म्हणाल्या, साखर बघा. नेलपॉलिश काढायच्या पातळ द्रवासारखा गोडसर वास, अ‍ॅसिटोनचा. टाइप १ मधुमेह. इन्शुलिन शून्यावर आलं होतं, मेदपेशींची सगळी दारं सताड उघडी, यकृतावर मेदाम्लांचा लोंढा आणि त्यातून रक्त आंबट करून टाकणारे कीटोन. सलाइन आणि इन्शुलिनवर ती चौथ्या दिवशी उठून बसली. उलट टाइप २ च्या माणसाची साखर ४०० असते, तरी सहसा असं होत नाही. कारण उरलंसुरलं इन्शुलिन साखरेला अपुरं पडलं, तरी चरबीचं दार लोटून धरण्यापुरतं ते असतं.

लोटून धरण्यापुरतं, पण पक्कं बंद करण्याइतकं नाही. तुमची गोष्ट इथे सुरू होते.

वर्णनावरून तुमच्या पेशी इन्शुलिनचं ऐकेनाशा झाल्या आहेत, यालाच आपण इन्शुलिन रेझिस्टन्स म्हणतो. मेदपेशी अर्धवट ऐकते, म्हणून जेवणानंतरही तिच्यातून मेदाम्लं झिरपत राहतात. ती पोचतात यकृतात. स्नायूही ऐकत नाहीत, त्यामुळे पोळी-भातातून आलेली साखर तिथे पुरेशी शिरत नाही आणि तीही यकृताकडे वळते. स्वादुपिंड जोर लावून आणखी इन्शुलिन सोडतं. आता यकृताची तऱ्हा बघा: ‘साखर बनवणं थांबव’ हा हुकूम त्याला ऐकू येत नाही, पण ‘साखरेची चरबी कर’ हा मात्र स्पष्ट ऐकू येतो. एका कानाने बहिरं, दुसऱ्याने तिखट. मग ते चरबी बनवत राहतं. थोडी स्वतःत साठवतं, ती सोनोग्राफीत दिसते. बाकीची व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात सोडतं, ती तुमच्या रिपोर्टात ४१२ म्हणून दिसते.

ताटातल्या तुपाचा यात वाटा किती? २००५ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या संशोधकांनी फॅटी लिव्हर असलेल्या नऊ स्थूल रुग्णांच्या आहारात आणि रक्तात खुणा केलेले अणू सोडले आणि काही दिवसांनी यकृताचा तुकडा काढून मोजलं. यकृतातल्या चरबीपैकी ५९ टक्के मेदपेशींमधून आलेल्या मेदाम्लांची होती, २६ टक्के यकृताने स्वतः साखरेसारख्या पदार्थांपासून बनवलेली आणि थेट आहारातल्या स्निग्धाची फक्त १५ टक्के. रुग्ण मोजकेच होते हे खरं, पण दिशा स्पष्ट आहे. तुम्ही सहा महिने या १५ टक्क्यांशी भांडत होतात. शिवाय तूप गेल्यावर पोट भरायला पोळी एखादी वाढली असेल, चारच्या चहाबरोबर बिस्किटं आली असतील. विचारा घरात, बहुतेक वेळा तसंच निघतं. आकडा चढण्याचं कारण मला तरी तिथेच दिसतं.

आता ‘मी जाड नाही’ याबद्दल. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २३.४ येतो. युरोपीय मोजपट्टीत हे ठाकठीक. आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन धरतात, आणि त्याला कारण आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आलं. शेजारी शेजारी दोन डॉक्टर: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बाहेरून सडसडीत, आतून मेदाळ. त्याआधी याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांची मोजमापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५. वजन, स्नायू, पोटाचा घेर सगळ्यांत आपली बाळं लहान, पण पाठीवरच्या कातडीची घडी, म्हणजे तिथली चरबी, त्या मानाने टिकून होती. ही ठेवण आपण जन्मतःच घेऊन येतो. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा. बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, पँटच्या नंबरवर न जाता मोजा. पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या वर गेलं, की मी पोट सुटलं असं धरतो.

गोदामाची गोष्ट अर्धी राहिली. कातडीखालची चरबी हा शत्रू नाही, ती सुरक्षित जागा आहे. प्रत्येकाच्या कातडीखाली किती मावेल हे बरंचसं आनुवंशिक असतं. ती जागा भरली, की माल नको तिथे उतरतो: आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडावर. याचा सर्वांत बोलका पुरावा लायपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारात मिळतो. या रुग्णांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. हातापायांच्या शिरा दोरखंडासारख्या दिसतात. भाबडेपणाने वाटेल, यांना ना मधुमेह ना फॅटी लिव्हर. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी त्यांना अतितीव्र स्वरूपात होतात, कारण चरबी ठेवायला जागाच नाही. आणखी एक गोष्ट त्यांच्याकडे कमी असते, लेप्टिन. मेदपेशी हे हार्मोन सोडून मेंदूला साठ्याची खबर देतात. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये त्याचं जनुक शोधलं. पुढे २००२ मध्ये लायपोडिस्ट्रॉफीच्या नऊ रुग्णांना चार महिने लेप्टिन दिलं, तेव्हा त्यांचं ट्रायग्लिसराइड सरासरी ६० टक्क्यांनी उतरलं. नेहमीच्या स्थूलतेत मात्र लेप्टिनचा उपयोग झाला नाही. तिथे ते आधीच भरपूर असतं, मेंदूच त्याला दाद देत नाही.

आता रिपोर्टमधल्या त्या रेघेबद्दल. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, वजाबाकीने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, शिवाय ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं, की हे सूत्र फसतं, म्हणून आकडा देत नाहीत. लॅबने प्रामाणिकपणा केलाय. तुम्ही एकूण कोलेस्टेरॉलमधून नुसतं एचडीएल वजा करा आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा. जमल्यास अपोबी तपासून घ्या. अपोबी हे प्रथिन आहे, धमनीच्या भिंतीत घुसणाऱ्या प्रत्येक कणावर ते एकच असतं, त्यामुळे ती कणांची शिरगणतीच होते. एचडीएल ३१ वेगळा आजार समजू नका. रक्तात व्हीएलडीएलची गर्दी झाली, की देवाणघेवाणीत एचडीएलच्या कणांत ट्रायग्लिसराइड भरलं जातं, मग ते लवकर मोडतात. गर्दी हटली की एचडीएल थोडं आपोआप वर येतं. ते वाढवायच्या गोळ्या-कॅप्सूल घेऊ नका.

घाबरायचं कधी? ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं की मी सावध होतो, १००० च्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती खरी असते. काही वर्षांपूर्वी पोटदुखीने कळवळणारा एक ट्रकचालक आला. रक्त काढलं आणि दहा मिनिटांत लॅबमधल्या मुलीचा फोन: सर, येऊन बघता का. सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या नळीत खाली लाल गोळा आणि वर पिवळसर पाण्याऐवजी दूध. थंड केल्यावर त्यावर साय धरली. ट्रायग्लिसराइड ३२००. आधीच्या तीन रात्री दारू आणि धाब्यावरचं जेवण, आणि कधी न तपासलेला मधुमेह. कोपरांवर आणि ढुंगणावर बारीक पिवळे पुटकुळ्यांसारखे दाणे होते, ते त्याला घामोळं वाटत होतं. अशा माणसाला मात्र काही दिवस तेल-तूप खरोखर जवळपास शून्यावर आणावं लागतं, कारण तिथे आतड्यातून येणारे थेंबच रस्ता अडवतात. तुमचं तसं नाही.

दारूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. घेत असाल तर ती आधी बंद. दारू जळताना यकृतात चरबी जाळण्याचं काम मागे पडतं आणि व्हीएलडीएल वाढतं. तुमच्या ठेवणीत शनिवार-रविवारची सुद्धा नको. याशिवाय एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि लघवीतलं प्रथिन एवढं बघून घ्या. थायरॉइड मंदावलं की एलडीएलचे कण उचलणारे रिसेप्टर कमी होतात आणि कोलेस्टेरॉल साचतं. माझ्याकडे एक बाई तीन वर्षं कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन आल्या होत्या, पाय दुखतात म्हणून. टीएसएच कुणी बघितलंच नव्हतं. ते ६८ निघालं.

आता करायचं काय. चहातली साखर पहिली. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे रोजची तीस-पस्तीस ग्रॅम. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, तो जवळजवळ सगळा यकृतातच जिरतो आणि तिथल्या नेहमीच्या नियंत्रणाला वळसा घालून चरबीच्या कारखान्यात शिरतो. फळ खा, फळाचा रस नको. डब्यात चारच्या दोन पोळ्या, उरलेल्या जागी उसळ, अंडं किंवा पनीर. ज्वारीची भाकरी चालेल, पण भाकरी म्हणजे औषध नव्हे, तीन खाल्ल्या तर हिशोब तिथेच येतो. तूप? अर्धा चमचा वरणावर घ्या. ते निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही, संपृक्त स्निग्ध जास्त झालं की एलडीएल चढतं, ते तुम्हाला परवडणार नाही. पण तुमच्या ट्रायग्लिसराइडचा गुन्हेगार तूप नाही.

आणि चालणं. येल विद्यापीठातल्या गटाने २००७ मध्ये दाखवलं होतं की सडपातळ पण इन्शुलिन न ऐकणाऱ्या तरुणांत भरपूर पिष्टमय जेवणाची साखर स्नायूंत जाण्याऐवजी यकृतात चरबी बनते. अगदी तुमचं चित्र. त्याच गटाने २०११ मध्ये अशाच तरुणांना एकदाच ४५ मिनिटं व्यायाम करायला लावला, तर जेवणानंतर यकृतात बनणारी नवी चरबी तीसेक टक्क्यांनी घटली. एकाच बैठकीत! हलणारा स्नायू साखर ओढायला इन्शुलिनची वाट बघत नाही. जेवणानंतरच्या शतपावलीचा अर्थ शंभर पावलं एवढा कंजूष घेऊ नका, पंधरा-वीस मिनिटं घ्या. आठवड्यातून दोनदा मांड्या आणि पाठ थकेल असं काहीतरी करा, बैठका चालतील. साखर साठवायला स्नायूच नसतील, तर ती जाणार कुठे?

वजन चार-पाच किलो उतरलं तरी यकृतातली चरबी बरीच ओसरते, ती पोटाच्या घेराच्या आधी जाते असा माझा अनुभव आहे.

गोळीचं विचाराल. ट्रायग्लिसराइड उतरवणारी फायब्रेट ५०० च्या आत मी सहसा लगेच देत नाही. मधुमेहाच्या दहा हजारांवर रुग्णांवर झालेल्या प्रॉमिनंट चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. पेमाफायब्रेटने ट्रायग्लिसराइड पाव हिश्श्याने उतरलं, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. आकडा सुधारला, माणसाचा धोका तसाच राहिला. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनची गोष्ट वेगळी आहे, ती अपोबी, एचबीए१सी, रक्तदाब आणि वडिलांकडचा हृदयविकाराचा इतिहास बघून तुमच्या डॉक्टरांनी ठरवायची.

तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. आदल्या रात्री आठ-साडेआठला नेहमीचं जेवण, मग बारा तास फक्त पाणी, आणि त्या आठवड्यात लग्नाची पंगत नको. रक्त दिल्यावर थोडं थांबून, फिरवलेली नळी बघायला मागा. लॅबवाले सहसा नाही म्हणत नाहीत. वरचा थर आत्ता तुमचा गढूळ असणार, पेजेच्या पाण्यासारखा. पलीकडे धरलेल्या कागदावरची अक्षरं त्यातून वाचता आली, तर रिपोर्ट हातात येण्याआधीच मला कळवा.